नाशिक-मुंबई : अंतर आणि वेळ

नाशिकहून मुंबई किती दूर, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती सुमारें १४० किलोमीटर भरते. मुंबई-आग्रा महामार्गानें हेंच अंतर १६५ ते १७० किलोमीटर होतें. आणि नाशिकरोडहून आगगाडीनें छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गांठावयाचें, तर सुमारें १८८. शहरें तर जागचीं हलत नाहींत. मग हा फरक कोठून येतो?

तो मुख्यतः सह्याद्रीमुळें येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच, तर मुंबई सागराला टेकलेली. या उतरणीचा मोठा भाग इगतपुरी आणि कसारा यांच्यामध्यें एकवटला आहे. १८६५ सालीं येथून लोहमार्ग सुरू झाला. त्याचा चढ ३७ मीटरांस १ मीटर. पण लोखंडी रुळांवर लोखंडी चाकांना एवढा चढही भारी होतो. म्हणून गाडी डोंगराला वळसे घालीत जाते आणि वर चढतांना तिला जादा इंजिनाचा जोर लागतो.

विमानाला घाट आडवा येत नाहीं. ताशीं ४०० किलोमीटर वेगाचें विमान १४० किलोमीटर एकवीस मिनिटांत कापील. परंतु, श्रोतेहो, प्रवास घराच्या उंबरठ्यापासून मोजावयाचा असतो. ओझरचा विमानतळ शहरापासून सुमारें २० किलोमीटर. तेथें पोंचावयास अर्धा तास. तपासणीसाठीं तासभर आधीं हजर राहावयाचें. चढणें, उतरणें व धांवपट्टीवरील चाल धरून उड्डाणाचीं चाळीस मिनिटें. सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. पुढें मुंबईच्या गर्दींतून पाऊण तास. बेरीज झाली जवळजवळ साडेतीन तास! महामार्गानें मोटारीलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. २०१७ च्या अखेरीस उडान योजनेखालीं या दोन शहरांत विमानसेवा सुरू झाली खरी, पण ती फार काळ टिकली नाहीं.

खरा फरक पडला तो डोंगर फोडल्यानें. ५ जून २०२५ रोजीं समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा खुला झाला. त्यावरील सुमारें ८ किलोमीटरांच्या बोगद्यानें कसारा घाट टळतो. मात्र आमणे हें भिवंडीजवळ आहे. तेथून पुढें ठाण्या-मुंबईची वर्दळ लागते, आणि बोगद्यानें वांचविलेलीं मिनिटें तेथें खर्चीं पडूं शकतात.

म्हणून मुंबईच्या रुग्णालयांत आजाऱ्यास ठरल्या वेळीं न्यावयाचें असेल, तर केवळ किलोमीटरांवर विसंबूं नये. घाट, तपासणी आणि शहराची वेस, या तीन ठिकाणीं वेळ किती जाईल तें आधीं मांडावें. दगडावर कोरलेलें अंतर कायम असतें. वेळेचा हिशेब मात्र प्रत्येक प्रवासाला नव्यानें करावा लागतो.