फेसाळ नदीप्रवाहातील धोके : एक आकलन

कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंगसाठी महाविद्यालयीन सहली जात असतात. तेथील प्रवाह भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. अशा प्रवाहांची काठिण्यपातळी १ ते ६ या आंतरराष्ट्रीय श्रेणीत सांगितली जाते. तथापि ती पाण्याच्या प्रमाणानुसार बदलते, आणि ती धोक्याचे संपूर्ण माप नव्हे.

लाटा व फेस पाहून भीती वाटते. अधिक घातक स्थाने मात्र अनेकदा शांत दिसतात. बंधाऱ्यावरून एकसारखे कोसळणारे पाणी पायथ्याशी तळाकडे जाते आणि पृष्ठभागावरील प्रवाह उलट बंधाऱ्याकडे वळतो. त्यात सापडलेली व्यक्ती पुन्हा पुन्हा आत खेचली जाते. आडव्या पडलेल्या झाडातून पाणी गाळणीतून जावे तसे निघून जाते, माणूस मात्र फांद्यांत अडकतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाल्यास अंगावरील जोर सुमारे चौपट होतो. त्यामुळे दोघा-तिघांनी ओढूनही तो सुटेलच असे नाही.

सर्वाधिक दुर्लक्षित धोका कंबरभर पाण्यातला आहे. राफ्टमधून पडलेला विद्यार्थी स्वाभाविकपणे उभा राहू पाहतो. पाऊल दोन खडकांत रुतले की प्रवाह त्याला पुढे पाडतो आणि लाइफ जॅकेट असूनही डोके पाण्याखाली जाते. (उत्तम पोहणेही येथे कामी येत नाही, हे पट्टीच्या पोहणाऱ्यांना पटवणे कठीण असते.) वेगवान पाण्यात उभे न राहता उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने व पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि काठालगतच्या संथ पाण्याकडे सरकावे. सहलीच्या पालक-संमतिपत्रासोबत ही सूचना दिलेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली नाही.