'साळा' म्हणणारी आई अडाणी कशी?



आमच्या विहारात दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. तिथे येणारा सहावीतला एक मुलगा आईला म्हणाला, "पालकसभेला तू येऊ नको, पप्पांना पाठव." कारण विचारले तर मान खाली घालून बसला. बऱ्याच वेळाने बोलला. वर्गात त्याने "बाई, पानी प्यायला जाऊ का?" असे विचारले, तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर सुनावले होते, "ही वस्तीतली स्लँग घरी ठेवून यायची." आणि त्याची आई तर 'साळा', 'पानी', 'न्हाई', 'व्हय' असेच बोलते. सभेत तिला लोक हसतील, ही पोराची धास्ती.

शाळेचे नाव इथे लिहीत नाही. बाई मनाने वाईट आहेत असेही नाही. पण स्लँग आणि बोली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेले दिसत नाही.

स्लँग म्हणजे एखाद्या टोळक्याने किंवा धंद्याने आपल्यापुरते पाडलेले शब्द. मुंबईत लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' म्हणतात. हवालदार 'पांडू' होतो, पळ काढणे म्हणजे 'कल्टी', भानगड म्हणजे 'लोचा'. बाहेरच्याला कळू नये, नाहीतर आतल्याला 'आपण एक' वाटावे, एवढेच त्याचे काम. हे फक्त टपोरी पोरेच करतात असे समजू नका. जुन्या बाजारपेठेतल्या दलालांची 'नंदभाषा' होती, गिऱ्हाइकासमोर भाव बोलला तरी त्याला उमगू नये म्हणून. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरे, ती 'करपल्लवी'. त्या व्यापाऱ्यांना असंस्कृत कोणी म्हटले नाही, हुशार म्हटले! यातले काही शब्द मरतात, काही वर चढतात. 'मांडवली' आज वर्तमानपत्राच्या मथळ्यातही दिसते. पण स्लँगला स्वतःचे व्याकरण नसते. "त्याने कल्टी मारली" यात 'कल्टी' तेवढी गल्लीची, बाकी सगळी मराठीच.

बोलीचे तसे नाही. ती पूर्ण भाषा आहे. मूल ती मांडीवर शिकते. तिच्यात ओवी होते, भांडण होते, मयताचे रडणे होते, पेरणीचा हिशेबही होतो. आणि तिला नियम असतात. नागपूरकडचा माणूस "तो जेवून राहिला" म्हणतो तेव्हा तो चुकत नाही. 'जेवत आहे' याचे ते तिकडचे रूप आहे, आणि येऊन राहिला, करून राहिला असे कोणत्याही क्रियापदाला लागते. वऱ्हाडात डोळ्याचा 'डोया' होतो, काळ्याचा 'काया' होतो. ज्याला चूक म्हणतात ती लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच पद्धतीने करत असतील, तर तिला नियम म्हणायचे की चूक?

आता 'साळा' आणि 'पानी' या शब्दांकडे वळू. आपण विहारात 'सरणं' म्हणतो, 'शरणं' नव्हे. पालीत 'श' नाहीच, 'स' आहे. पंचशीलाला पाली शब्द 'पञ्चसील'. आणि संस्कृतातली 'शाला' पालीत 'साला' होते. मग 'साळा' म्हणणारी आमची बाई पालीच्या किती जवळ उभी आहे पाहा! 'पानी'चेही तसेच. पाली आणि संस्कृत दोन्हींत शब्द 'पानीय' आहे, त्यात 'न' आहे. 'ण' नंतरचा. म्हणजे जो 'न' जुना, तोच आज अशुद्ध ठरला. शुद्ध-अशुद्धाचा हा निवाडा भाषेचा नाही. बोलणारा कुठल्या वस्तीतून आला ते पाहून केलेला आहे. असे निवाडे आपल्या समाजाला नवे नाहीत.

जुन्या माणसांना 'व्हर्नाक्युलर फायनल' ही परीक्षा आठवत असेल. 'फायनल पास' म्हणजे मोठा मान होता. हा शब्द लॅटिन 'व्हर्ना'वरून आला आणि 'व्हर्ना' म्हणजे मालकाच्या घरी जन्मलेला गुलाम. इंग्रज सरकारने १८७८ साली देशी वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधायला जो कायदा केला, त्याचेही नाव व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट. म्हणजे साहेबाच्या लेखी पेठेतली शुद्ध मराठीसुद्धा त्याच रांगेत उभी होती. पुढे तीच मराठी आमच्या बोलीला नाक मुरडू लागली, ही गंमत.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन आले. नाना गोत्रांचे, नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदसात बांधू द्या, अशी त्यांची मागणी. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली, तसे करणे दोष ठरवले आणि 'स्वतःच्या भाषेत' शिकण्याची अनुज्ञा दिली. 'स्वतःच्या' म्हणजे बुद्धांची मागधी, असा अर्थ आचार्य बुद्धघोषांनी लावला. अनेक अभ्यासक ज्याची त्याची बोली असा घेतात. छंदस नाकारले, हे मात्र स्वच्छ आहे.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकू नये असा कोणी काढू नका. मी कारकून माणूस, टेबलावर रोज अर्ज येतात. प्रमाण भाषेतला नेटका अर्ज पुढे सरकतो आणि बोलीतला पडून राहतो, हे डोळ्यांनी पाहतो. मुलांना दोन्ही यायला हव्यात. आणि आपल्या चाळीतली पोरे जातीवरून, आई-बहिणीवरून जे शब्द गंमत म्हणून फेकतात त्यांना बोलीचे पांघरूण घालू नका. ती बोली नव्हे. ते शब्द गेलेच पाहिजेत. अशुद्ध आहेत म्हणून नव्हे, माणसाला खाली पाडतात म्हणून.

त्या मुलाला मी 'साला' आणि 'साळा' फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. पालकसभेला आईच गेली. काय बोललात, असे मी नंतर विचारले.

"काय बोलनार भाऊ? साळंत पोरींच्या संडासाला पानी न्हाई, ते सांगितलं. बाईंनी लिवून घ्येतलं."