आद्य विश्व थंड होताना नेमके काय घडले?

वाशिम - जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. विश्वाच्या पहिल्या क्षणातील एका कूट प्रश्नाचा मागोवा घेण्यास ही वेधशाळा साह्यभूत ठरू शकेल. तो प्रश्न आहे तापमानाचा आणि ‘अदिश क्षेत्रा’चा.

अदिश क्षेत्र म्हणजे काय?
वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या तालुक्यांतील पावसाची नोंद केवळ एका आकड्याने सांगता येते. वाऱ्याची मात्र दिशाही सांगावी लागते. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूशी असा दिशाहीन आकडा निगडित असेल, तर त्याला अदिश क्षेत्र म्हणतात. हिग्ज क्षेत्र हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या कणाचा शोध ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाला. त्या संशोधनात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता.

उष्णतेचा परिणाम
मध्यभागी उंचवटा असलेल्या परातीत गोटी सोडल्यास ती कडेच्या खोलगट भागात स्थिरावते. आजचे हिग्ज क्षेत्रही असेच शून्यापासून दूर स्थिरावले असून, त्यामुळेच इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांना वस्तुमान मिळते. प्रचंड उष्णतेत मात्र परातीचा आकारच बदलतो. उंचवटा नाहीसा होऊन गोटी मध्यभागी येते आणि हे वस्तुमान लोप पावते.

अशा गणितासाठी जपानचे ताकेओ मात्सुबारा यांनी १९५५ मध्ये एक युक्ती दिली. तीत काळाला वर्तुळासारखे मानले जाते. तापमान जितके अधिक, तितका त्या वर्तुळाचा परिघ लहान. डेव्हिड किर्झनिट्स व आंद्रेई लिंडे यांनी १९७२ मध्ये उष्णतेचा हा परिणाम मांडला. स्टीव्हन वाइनबर्ग, तसेच लुईस डोलन व रोमन जॅकिव्ह यांनी १९७४ मध्ये त्याचे सविस्तर गणित केले.

थेंब की तूप?
वाफ थंड होताना एकाएकी थेंब बनतात. तूप मात्र हळूहळू थिजते. विश्व यांपैकी कसे बदलले, हा कळीचा मुद्दा आहे. थेंबांसारखा बदल झाला असता, तर द्रव्य प्रतिद्रव्यापेक्षा किंचित अधिक का उरले, याचे उत्तर मिळू शकले असते. ते द्रव्य उरले नसते, तर तारे, पृथ्वी आणि माणूस यांपैकी काहीच नसते.

हिग्ज कणाचे वस्तुमान सुमारे ८० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक असल्यास हा बदल तुपासारखा संथ असतो, असे १९९६ मधील संगणकीय गणिताने दाखविले. प्रत्यक्षात ते १२५ भरले. म्हणजेच, प्रचलित सिद्धांतानुसार सुमारे साडेअठरा लाख अब्ज केल्विन तापमानाला विश्व संथपणे बदलले आणि द्रव्याचे कोडे तसेच राहिले. अद्याप अज्ञात असलेले अन्य अदिश क्षेत्र अस्तित्वात असेल, तरच हे चित्र पालटू शकते.

औंढ्याची भूमिका
थेंबांसारखा बदल झाला असल्यास त्या थेंबांच्या टकरींतून गुरुत्वीय लहरी उठल्या असतील. हिग्ज क्षेत्राच्या तापमानाला उठलेल्या लहरींची कंपने इतकी संथ असतील, की त्या जमिनीवरून टिपता येणार नाहीत. त्यासाठी युरोपची ‘लिसा’ ही अंतराळ मोहीम २०३५ च्या सुमारास निघणार आहे. औंढ्यासारख्या वेधशाळा त्याहून हजारो पट अधिक तापमानातील बदलांच्या खुणा शोधू शकतात. मात्र, एकट्या वेधशाळेला ही मंद गुणगुण स्वतःच्या गोंगाटापासून वेगळी करता येत नाही. दूरदूरच्या वेधशाळांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा अमेरिकेतील दोन वेधशाळांच्या जोडीला येणार असल्याने या शोधात तिचे महत्त्व आहे.