झुकझुक, फटफट आणि मधली पुंगळी

लेखमाला : यंत्रांची बोली – भाग ९

लोंढ्यात राहणाऱ्या माणसाला घड्याळाची फारशी गरज पडत नाही. मिरजेकडून, हुबळीकडून आणि गोव्याकडून येणारे तिन्ही रूळ इथे भेटतात, आणि बेळगाव–खानापूरहून रामनगर, अनमोड घाटामार्गे गोव्यात उतरणारा रस्ताही इथूनच जातो. कुठली गाडी आली आणि ती भरलेली आहे की रिकामी, हे इथली जुनी माणसं अंगणात बसून सांगतात. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो, आणि त्या आवाजातला मोठा वाटा असतो धूर बाहेर सोडण्याचा.

मागच्या भागात आपण सिलिंडरच्या आत होतो. हवा-इंधन आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि जळका वायू बाहेर ढकलणं, या चार पायऱ्या पाहिल्या. आज त्या चौथ्या पायरीमागून आपणही बाहेर पडू.

आपल्या भाषेनं हा बाहेर पडण्याचा आवाज फार पूर्वीच टिपला आहे. आगगाडीला मुलं ‘झुकझुक गाडी’ म्हणतात आणि मोटारसायकलला आपण ‘फटफटी’ म्हणत आलो. दोन्ही नावं धूर सोडण्याच्या आवाजावरून पडली. वाफेच्या इंजिनात पिस्टन ढकलून झालेली वाफ चिमणीतून वर सुटे, तोच ‘झुक्’. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार ‘झुक्’ होत. वर सुटणारी ही वाफ भट्टीतली हवाही सोबत ओढून नेई, त्यामुळे इंजिनाला जितका जोर पडेल तितकी आग फुले. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतच्या घाटात रूळ ३७ मीटरला १ मीटर चढतात. तिथं झुकझुक संथ आणि जड होणारच. ऐकणाऱ्याला ते इंजिनाचे कष्टच ऐकू येत.

फटफटीचं तत्त्वही तेच. स्फोटानंतर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो, दाबाखाली कोंडलेला तापलेला वायू एकदम नळीत घुसतो आणि हवेला धक्का बसतो. तो धक्का म्हणजे ‘फट्’. बुलेटला एकच सिलिंडर असतो. इंजिनाचे मिनिटाला १,००० फेरे होत असतील आणि दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, तर सेकंदाला जेमतेम आठ धक्के होतात. आठ धक्के कानाला सुटे ऐकू येतात, म्हणून ती धडधडते. चार सिलिंडरची मोटार त्याच वेगानं सेकंदाला तेहेतीस धक्के देते. सेकंदाला साधारण वीसच्या पुढं गेलं, की कान धक्के मोजायचं सोडून देतो आणि त्यांचा एक सूर ऐकू लागतो. मारुती ८००ला सिलिंडर तीनच होते, त्यामुळे उभी असताना तिची किंचित थरथरती गुरगुर चार सिलिंडरच्या गाडीहून वेगळी ओळखू येई. यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोक होती. दर फेऱ्याला एक स्फोट, म्हणून ती धडधडत नसे, किंचाळत जाई. तिच्या सायलेन्सरचं मधलं फुगलेलं पोट शोभेचं नव्हतं. तिथून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकले. पूर्वी म्हैसूरच्या कारखान्यात बनणाऱ्या येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, त्यामुळे तिचा रुबाब दिसण्यातही होता आणि ऐकण्यातही.

या धक्क्यांना शांत करतो तो सायलेन्सर. त्यात जादू नाही, घडण आहे. आतमध्ये भोकाभोकांची नळी असते, म्हणजेच आपल्याकडची ‘पुंगळी’. तिच्याभोवती लहान-मोठे कप्पे असतात. आवाजाच्या लाटा या कप्प्यांत शिरतात, भिंतींवर आपटून परततात आणि मागून येणाऱ्या लाटांना छेद देतात. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर आला, की दोन्ही विरतात. कुठं काचतंतूंचं अस्तर असतं, ते उरलेला तीक्ष्ण आवाज शोषून घेतं. कप्प्याचं माप, नळीची लांबी, भोकांची संख्या हे सगळं त्या त्या इंजिनासाठी बेतलेलं असतं.

म्हणूनच पुंगळी काढून टाकली की गाडीला ताकद येते, ही समजूत मला मनापासून खोडून काढावीशी वाटते. आवाज वाढतो एवढं खरं. डेसिबलच्या मोजपट्टीवर १० अंक वाढले, की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ताकदीचं मात्र तसं नसतं. इंधनाचं प्रमाण मूळ सायलेन्सर धरून ठरवलेलं असतं. तो बदलला की बहुतेक वेळा कमी वेगातली ओढ कमी होते, म्हणजे घाटात जिथं गरज असते नेमकी तिथंच. काही मुलं चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून ‘फटाके’ वाजवतात. त्या क्षणी न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचून तिथंच पेटत असतं. हे पेट्रोल आपणच पैसे देऊन भरलेलं असतं. १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाची आणि प्रदूषणाची मानकं मोडणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि परवानाही तीन महिने जातो.

आवाजाइतकंच बोलतं ते धुराचं रूप. माझी जुनी मोटार एकदा घाट चढताना दमायला लागली, तेव्हा मी रस्त्याकडेच्या एका गॅरेजात थांबलो. बॉनेट उघडायला गेलो, तर मिस्त्रीमामा मागच्या बाजूला जाऊन उकिडवे बसले. “गाडी बोलालीय की ओ, आधी ऐका तर!” एवढं म्हणून त्यांनी रद्दीतला एक कागद फाडला आणि धुराच्या नळीच्या तोंडाशी धरला. कागद बाहेर फडफडत होता, पण मध्येच एकदा नळीकडे ओढला जाई. पुन्हा फडफड, पुन्हा ओढ. मामा म्हणाले, “एक व्हॉल्व्ह नीट बसंना. मिसिंग मारालीय.” निदान खरं निघालं. धडधाकट इंजिन कागदाला सारखं बाहेर ढकलतं. व्हॉल्व्ह गळका असेल तर मध्येच उलटी ओढ लागते. मग मामांनी नळीत बोट फिरवून काजळी दाखवली. कोरडी, करडी असेल तर बरं. काळी भुकटी असेल तर इंधन जास्त जळतंय. आणि तेलकट, चिकट असेल तर गाडी ऑइल खाते.

रंगांचा हिशोबही सोपा आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला किंवा डिझेलची नोझल खराब. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. पांढरा धूर मात्र दोन प्रकारचा असतो. सकाळच्या गारठ्यात थोडा वेळ दिसून विरला, तर ती नुसती वाफ. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एका लिटरला जवळजवळ एक लिटर! नळीतून टपकणारे थेंब तेच. रोज दोन-चार मिनिटंच गाडी चालवणाऱ्यांचे सायलेन्सर आतून गंजतात, कारण ते पाणी उडून जाण्याइतकी नळी तापतच नाही. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर रेडिएटरचं पाणी आत झिरपत असेल, हेड गॅस्केट तपासायला हवं. आणि सगळ्यात घातक कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. बंद शेडमध्ये गाडी कधीही चालू ठेवू नका.

ट्रॅक्टरचं धुराडं बॉनेटवर उभं असतं. ऊस भरून निघाला, की त्याच्या तोंडावरचं झाकण ठोक्याठोक्याला नाचतं. ट्रॅक्टर उभा केला, की पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून झाकण मिटतं. ते तुटलं असेल तर शेतकरी वरून डबा पालथा घालतो. अनमोडचा घाट उतरणाऱ्या ट्रकचं पाहा. त्याचा एक्झॉस्ट ब्रेक धुराची वाटच अडवतो. कोंडलेला दाब पिस्टनला मागं रेटतो आणि चाकांचे ब्रेक न तापता वेग आवरतो. बाहेर टाकायच्या वायूनंच इथं गाडी सांभाळली.

धुरातले घातक वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानकं लागू झाल्यावर नळीची तोंडं स्वच्छ राहू लागली. काही नव्या मोटारींच्या बंपरवरच्या दोन चकचकीत नळ्या तर नुसत्या शोभेच्या असतात. खरी नळी खाली वाकून लपलेली असते. धूर आणि आवाज कमी करण्याकडे जाणारा हा बदल मला चांगला वाटतो. लोंढ्याच्या भोवतालचं रान भीमगड अभयारण्याला लागून आहे. वानरांनी दिलेला इशारा ऐकून तिथली हरणं सावध होतात. त्या रानाला मध्यरात्रीची पुंगळी काढलेली गाडी परवडणारी नाही, तशी ती घाटातल्या घरात झोपलेल्या तान्ह्या मुलालाही परवडणारी नाही.

या आठवड्यात एवढंच करा. सकाळी गाडी चालू करा आणि ती तापल्यावर मागं जाऊन दोन मिनिटं उभे राहा. कागदाचा तुकडा नळीसमोर धरा, ठोका ऐका, रंग बघा. मामांनी माझ्या गाडीचं दुखणं असंच ओळखलं होतं, बॉनेट न उघडता.

पुढच्या भागात : टर्बो – धुरानं फिरणारा पंखा.