पिच शिफ्टर : सूर, वेळ आणि चिपची कुवत

वाजत असलेल्या स्वराची उंची बदलायची, पण लय मात्र तशीच ठेवायची, हे पिच शिफ्टरचे काम. वादक गिटारवर एक स्वर छेडतो आणि अँपमधून तो एक सप्तक वर, अर्धा स्वर खाली किंवा मूळ स्वराच्या जोडीला तिसरा-पाचवा स्वर घेऊन ऐकू येतो. ही सोय सुट्या पेडलमध्ये मिळते, तशीच अनेक इफेक्ट एकत्र बसवलेल्या डिजिटल प्रोसेसरमध्येही मिळते. प्रोसेसरमधल्या सर्वांत जड इफेक्टांपैकी हा एक आहे. याचे थोडे कारण चिपच्या वेगात आहे आणि बरेचसे खुद्द ध्वनीच्या स्वभावात आहे.

टेप वेगाने फिरवली की सूर चढतो आणि गाणेही लवकर संपते. स्वराची उंची आणि त्याचा कालावधी अशा रीतीने एकमेकांना बांधलेले असतात. एक सप्तक वर जाणे म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होणे. अर्धा स्वर वर जाणे म्हणजे ती सुमारे १.०५९५ पट होणे. दुप्पट वेगाने वाचलेला एक सेकंदाचा ध्वनी अर्ध्या सेकंदात संपतो, तेव्हा उरलेला अर्धा सेकंद भरण्यासाठी काही तुकडे पुन्हा वाजवावे लागतात. सूर उतरवताना उलटे होते : ध्वनी वाजून संपण्याआधीच नवा येत राहतो आणि काही तुकडे गाळावे लागतात. कोणता तुकडा कुठे कापायचा आणि कुठे सांधायचा, या प्रश्नावरच पिच शिफ्टरची सगळी रचना उभी आहे.

बाजारात आलेले या प्रकारचे पहिले डिजिटल यंत्र म्हणजे अमेरिकेतील इव्हेंटाइड कंपनीचा एच९१० हार्मोनायझर. टोनी अ‍ॅग्नेलो यांनी रचलेले हे यंत्र १९७५ साली विक्रीस आले. डेव्हिड बोवीच्या १९७७ सालच्या ‘लो’ या अल्बममध्ये निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी स्नेअर ड्रमचा सूर खाली घसरवण्यासाठी त्याचा उपयोग केला.

या घराण्यातील यंत्रांची मूळ युक्ती सोपी आहे. येणारा ध्वनी स्मृतीत एका वेगाने लिहायचा आणि दुसऱ्या वेगाने वाचायचा. वाचणारा लिहिणाऱ्याला गाठू लागला की त्याला मागे उडी मारावी लागते. उडीच्या जागी खट्ट असा आवाज येऊ नये म्हणून दोन वाचक ठेवतात. एकाचा आवाज मावळत असताना दुसऱ्याचा चढवत नेतात. स्मृती ५० मिलिसेकंदांची धरली, तर एक सप्तक वर जाताना सेकंदाला २० उड्या पडतात. अर्धा स्वर वर जाताना मात्र दोन उड्यांमध्ये सुमारे ८४० मिलिसेकंद मिळतात. थोडासा सूर सरकवलेला आवाज स्वच्छ लागतो आणि मोठी झेप घेतलेला थरथरतो, तो यामुळे.

ही थरथर कमी करण्याचा मार्ग म्हणजे उडी स्वराच्या पूर्ण आवर्तनाइतकीच मारणे. दोन्ही टोकांची तरंगरेषा मग जुळते आणि सांधा कानाला लागत नाही. त्यासाठी आधी आवर्तन ओळखावे लागते. सिग्नलचा ताजा भाग त्याच्याच मागच्या भागाशी ताडून पाहायचा आणि तो कितव्या अंतरावर पुन्हा जुळतो ते शोधायचे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा ई स्वर ८२.४ हर्ट्झचा असतो. त्याचे एक आवर्तन १२.१ मिलिसेकंदांचे. खात्रीने ओळखायला साधारण दोन आवर्तने लागतात, म्हणजे २४ मिलिसेकंद. सर्वांत बारीक तारेच्या ३२९.६ हर्ट्झच्या ई स्वराला ६ मिलिसेकंद पुरतात. त्यामुळे पिच शिफ्टर खर्जात जास्त अडखळतो.

१९८९ साली डिजिटेक कंपनीने व्हॅमी पेडल आणले आणि सूर सरकवणे पायाच्या टाचेखाली आले. रेज अगेन्स्ट द मशीनच्या टॉम मोरेलोची सोलो या पेडलशी जोडली गेली आहेत. द व्हाइट स्ट्राइप्सच्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ (२००३) या गाण्यातील बास वाटणारी धून जॅक व्हाइटने गिटारवरच, व्हॅमीने एक सप्तक खाली उतरवून वाजवली. जुन्या व्हॅमीला एका वेळी एकच स्वर नीट पेलत असे. कॉर्ड दिली की आवाज विस्कटे. हा दोषही काही वादकांनी शैली म्हणून वापरला.

कॉर्डमध्ये सहा तारांची सहा आवर्तने एकत्र मिसळलेली असतात, त्यामुळे उडी मारायला सामाईक जागा सापडत नाही. मग ध्वनीचे कंपनसंख्यांनुसार पृथक्करण करावे लागते. बेल लॅबोरेटरीजमधील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली मांडलेली फेज व्होकोडर ही पद्धत त्यातली पायाभूत. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या प्रोसेसरने २,०४८ नमुन्यांचा तुकडा तपासला, तर तो सुमारे ४३ मिलिसेकंदांचा होतो आणि त्यातून २३.४ हर्ट्झ अंतराच्या पट्ट्या दिसतात. जाड तारेवरच्या ई आणि एफ या शेजारी स्वरांतले अंतर मात्र केवळ ४.९ हर्ट्झ आहे. ते वेगळे दिसायला जवळजवळ २०० मिलिसेकंद ऐकत राहावे लागेल. वेळ आणि कंपनसंख्या या दोन्हींची अचूकता एकदम वाढवता येत नाही, हे डेनिस गॅबर यांनी १९४६ सालीच दाखवले होते. यावर उपाय म्हणून खालच्या पट्ट्यांसाठी लांब आणि वरच्यांसाठी आखूड तुकडे घेतात, तसेच पिकचा आघात वेगळा काढून हाताळतात. नाही तर आघात पसरून बोथट होतो.

तुकडा गोळा होईपर्यंतचे हे थांबणे वादकाला उशीर म्हणून ऐकू येते, आणि १० मिलिसेकंदांच्या आसपासचा उशीर त्याला जाणवू लागतो. हवेतून ध्वनीला सुमारे साडेतीन मीटर अंतर कापायला तेवढाच वेळ लागतो.

यावर चिपची मर्यादा वेगळीच. प्रोसेसर नमुने गटाने हाताळतो. ६४ नमुन्यांचा गट धरला, तर १.३३ मिलिसेकंदांत अँप, कॅबिनेट, रिव्हर्ब आणि पिच शिफ्टर या सर्वांचे गणित संपवावे लागते. एकदाही उशीर झाला की आवाज तुटतो. म्हणून प्रत्येक इफेक्टला लागणारी जास्तीत जास्त कुवत आधीच राखून ठेवतात. लाइन ६ कंपनीच्या हेलिक्समध्ये (२०१५) उरलेल्या कुवतीत न बसणारे इफेक्ट यादीत फिके दिसतात आणि निवडता येत नाहीत. नोव्हेंबर २०२० च्या ३.० आवृत्तीने त्यात कॉर्ड पेलणारे ‘पॉली’ पिच इफेक्ट आणले. ते चिपचा मोठा हिस्सा घेतात. त्याच आवृत्तीत याच कंपनीच्या छोट्या एचएक्स स्टॉम्प प्रोसेसरमधील ब्लॉकांची, म्हणजे इफेक्ट बसवण्याच्या जागांची, संख्या ६ वरून ८ झाली, पण चिप तीच राहिली. जागा वाढल्या तरी जड इफेक्ट मोजकेच बसतात.

मोठी चिप घेतली की एकाच वेळी जास्त इफेक्ट चालतात आणि पृथक्करण बारीक करता येते. खर्जाचे आवर्तन पूर्ण होण्यासाठी थांबणे मात्र तिलाही चुकत नाही. म्हणूनच काही प्रोसेसरांत ‘वेगवान’ आणि ‘स्थिर’ अशा ट्रॅकिंगच्या, म्हणजे स्वर ओळखण्याच्या, पातळ्या दिलेल्या असतात : पहिलीत उशीर कमी आणि थरथर जास्त, दुसरीत उलट.

ठरावीक पट्टीतला जोडस्वर देणाऱ्या हार्मोनायझरला आणखी एक पायरी चढावी लागते. सी मेजरमध्ये सी स्वराचा तिसरा ई चार अर्धस्वर वर असतो, तर डीचा तिसरा एफ तीनच. मूळ स्वर ओळखल्याशिवाय किती सरकवायचे हे ठरत नाही; ओळख चुकली की जोडस्वर बेसूर लागतो.

इफेक्टांच्या साखळीत पिच शिफ्टर बहुधा डिस्टॉर्शनच्या आधी ठेवतात, कारण डिस्टॉर्शन स्वरांच्या मिश्रणातून नव्या कंपनसंख्या निर्माण करते आणि पृथक्करण अवघड होते. नेक पिकअप वापरला आणि टोन थोडा कमी केला, तर वरचे अंशस्वर दबून एकेरी स्वराची ओळख सोपी होते. सरकवताना गिटारच्या अंगचा नादही सोबत सरकतो. मोठ्या झेपेनंतर आवाज खेळण्यातला किंवा चिखलात रुतल्यासारखा वाटतो तो यामुळे. शिवाय खऱ्या तारांचा आवाज थांबत नाही. घरी हळू आवाजात अर्धा स्वर उतरवून वाजवताना तारांचा मूळ सूर आणि अँपमधला सूर एकमेकांना टोचतात. हेडफोन लावून किंवा अँपचा आवाज वाढवूनच ते टळते.