जानेवारीतला तिसरा रविवार : मॅरेथॉनविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. तेव्हापासून जानेवारी आला की पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून धावणारे मुंबईची तिकिटं काढू लागतात. यातल्या बहुतेकांनी सरावात कसूर केलेली नसते. पावसाळ्यात भिजत, दिवाळीत फराळाला नाही म्हणत त्यांनी आठवडे भरलेले असतात. तरीही अनेकांची शर्यत फसते. कारण शोधायला गेलं, तर ते बऱ्याचदा शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत सापडतं. कुणी शेवटच्या रविवारी दम काढणारा सराव करतो, कुणी आदल्या रात्री तडस लागेपर्यंत जेवतो, कुणी प्रत्येक टेबलावर पाणी पितो. प्रत्येकाला वाटत असतं की थोडं जास्त केलेलं बरं. मॅरेथॉनच्या बाबतीत हीच समजूत सर्वांत महागात पडते.

गैरसमज 1 : सहा किलोमीटर धावलं तरी मॅरेथॉनच.

मॅरेथॉनचं अंतर ठरलेलं आहे : 42.195 किलोमीटर. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा धावलं गेलं आणि 1921 मध्ये अधिकृत झालं. मुंबईत त्याच दिवशी हाफ मॅरेथॉन, 10 किलोमीटर, हौसेने धावायची छोटी ड्रीम रन, ज्येष्ठ नागरिकांची आणि दिव्यांगांची दौड अशा वेगवेगळ्या शर्यती असतात. कुठलीही कमी प्रतीची नाही, पण तयारी प्रत्येकीची निराळी. नवख्या माणसाने मित्रांच्या भरीला पडून थेट ‘फुल’मध्ये नाव देऊ नये. 10 किलोमीटर, मग हाफ, मग फुल ही पायरी दीड-दोन वर्षांत चढली तर स्नायूंबरोबर हाडं आणि स्नायुबंधही तयार होतात. दम लवकर वाढतो, स्नायुबंध सावकाश. दुखापती होतात त्या या दोहोंच्या मधल्या काळात.

गैरसमज 2 : प्रवेश मिळाला नाही तर दुसऱ्याचा बिब लावून धावता येतं.

छातीवर लावायच्या या क्रमांकाच्या कागदाला सगळे बिब म्हणतात. तो ज्याच्या नावाचा, त्यानेच लावायचा असतो. वेळ मोजणारी चिप त्याच्याशी जोडलेली असते, त्यामुळे दुसऱ्याचा बिब लावून धावलात तर तुमची वेळ त्याच्या नावावर चढते. पण खरा धोका निराळा आहे. बिब उलटा करून पाहा. मागे रक्तगट, औषधांची ॲलर्जी, असलेले आजार आणि संकटकाळी कुणाला फोन करायचा ते लिहायला जागा असते. बिबधारक रस्त्यात कोसळला, तर डॉक्टर आधी तेच वाचतात. तिथे मित्राचा रक्तगट आणि मित्राच्या घरचा फोन असेल तर काय होईल, याचा विचार करा. स्वतःचा बिब असला तरी मागची बाजू कोरी सोडू नका. शनिवारी संध्याकाळी बॉलपेनने ती भरा.

गैरसमज 3 : शर्यतीआधी एकदा तरी 42 किलोमीटर धावून बघायला हवं.

बहुतेक सराव-आराखड्यांत सर्वांत लांब धाव 30 ते 32 किलोमीटरची असते आणि ती शर्यतीच्या सुमारे तीन आठवडे आधी उरकलेली असते. पूर्ण अंतर सरावात धावलं तर शरीर सावरायला इतके दिवस घेतं की पुढचा सराव कोलमडतो. त्या लांब धावेनंतर सराव उतरता ठेवायचा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एकूण अंतर जवळजवळ निम्म्यावर आणायचं, थोडासा वेग मात्र टिकवायचा. या दिवसांत पाय जड वाटतात, कुठेतरी उगाच दुखतं, ‘सगळं विसरलो’ असं वाटतं. तशात माणूस धीर यावा म्हणून पुन्हा 25 किलोमीटर धावून येतो. शेवटच्या दहा दिवसांत केलेल्या अशा धावेचा फायदा शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र सोबत येतो.

गैरसमज 4 : धावल्याने गुडघे झिजतात.

घरातलं वडीलधारं माणूस हे हमखास सांगतं. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून 2017 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खुबा किंवा गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावणाऱ्यांमध्ये 3.5 टक्के, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये 13.3 टक्के आढळलं. धावणं हेच या फरकाचं कारण, असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, कारण ज्याचे गुडघे मुळात चांगले तोच धावत राहतो. पण हौशी माणूस धावून गुडघे घालवतो, या समजुतीला या आकड्यांत आधार नाही. आधीची दुखापत असलेल्याने आणि वजन बरंच जास्त असलेल्याने डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

गैरसमज 5 : आदल्या रात्री भरपूर भात-बटाटा खाल्ला की साठा होतो.

गणित सोपं आहे. धावताना ढोबळमानाने दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 42 किलोमीटरसाठी सुमारे 2500 कॅलरी. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली साखर साधारण 2000 कॅलरींच्या आसपास असते. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय अचानक शिशाचे होतात ते हा साठा तळाला गेल्यामुळे. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते.

हा साठा भरायला दोन दिवस लागतात, एका जेवणाचं ते काम नाही. शुक्रवार-शनिवारी ताटातलं प्रमाण बदला : भात, पोळी, बटाटा, केळं, साबुदाणा वाढवा, तेल-तूप, उसळी, कोशिंबिरी कमी करा. शनिवारचं शेवटचं जेवण लवकर आणि बेताचं ठेवा. मुंबईत आलोच आहोत म्हणून खाल्लेली झणझणीत मिसळ पहाटेच्या अंधारात फिरत्या शौचालयांच्या रांगेत वसूल होते. ती सोमवारी खा. शिवाय उरलेली तूट रस्त्यातच भरून काढायची असते. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, मग ती जेलमधून घ्या, खजुरातून घ्या किंवा चिक्कीतून. जे घ्याल ते सरावात पोटाला सोसलेलं हवं.

गैरसमज 6 : पाणी जितकं जास्त, तितकं चांगलं.

शरीर कोरडं पडणं वाईटच, पण उलट टोकही जीवघेणं असतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं आढळलं. यात शर्यतीदरम्यान वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेले, आणि चार तासांहून अधिक वेळ धावणारे लोक ठळकपणे होते. आपल्या हौशी धावपटूंतले बहुतेकजण याच दुसऱ्या गटातले.

सोडियम उतरलं की मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं. पुढे झटके येऊ शकतात. आजूबाजूचे लोक थकवा समजून आणखी पाणी पाजतात आणि स्थिती बिघडते. म्हणून तहानेप्रमाणे प्या, घोट-घोट प्या. टेबल दिसलं की प्यायलाच हवं असं नाही. स्वतःचा अंदाज हवा असेल तर सरावात तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करा. घटलेलं वजन म्हणजे गेलेला घाम. वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त पीत आहात.

गैरसमज 7 : मुंबई सपाट आहे, समुद्रसपाटीवर आहे; टायमिंग आपोआप सुधारतं.

साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन धावलेल्याला मुंबई सपाट वाटणं साहजिक आहे. पण मुंबईचा त्रास चढापेक्षा दमटपणाचा. हवेत ओलावा जास्त असला की घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. पुणे-नाशिकच्या कोरड्या गारव्यात सराव केलेल्या शरीराला हे नवं असतं. पहाटे अंधारात मरीन ड्राइव्हवर वारा लागतो, माणूस खुशीत येतो आणि ठरवलेल्यापेक्षा वेगाने पळत सुटतो. पुढे सूर्य वर येतो. वर्षानुवर्षं फुल धावणाऱ्यांना पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास भेटत आला आहे. उंचीने तो काहीच नाही. पण त्या टप्प्यावर तिथे निम्मे लोक चालत असतात. पहिले 10 किलोमीटर मुद्दाम सावकाश काढलेला माणूस त्यांच्यामधून धावत वर जातो. मार्गात अधूनमधून बदल होतात, म्हणून त्या वर्षीचा नकाशा आधी नीट पाहून घ्या.

गैरसमज 8 : शनिवारी रात्री पोचलं तरी चालतं.

बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दिवसांत एक्स्पोला जाऊन, ओळखपत्र दाखवून तो घ्यावा लागतो. वांद्रे-कुर्ला संकुलातला हा एक्स्पो म्हणजे एक जत्राच. बूट, घड्याळं, जेल, फोटोसाठी रांगा. तिथे तीन-चार तास उभं राहून रविवारचे पाय शनिवारी वापरले जातात. जमलं तर शुक्रवारी बिब घ्या. शनिवारीच येणं भाग असेल तर सकाळच्या गाडीने या, बिब घ्या आणि लगेच बाहेर पडा. तिथे स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले नवे बूट रविवारी घालू नका. पायात किमान काही आठवडे वापरलेलेच बूट हवेत.

मुक्कामाची जागा ठरवताना तुमची शर्यत सुरू कुठे होते ते पाहा. फुल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होते. हाफ अलीकडे माहीमहून सुटते आणि संपते दक्षिण मुंबईत. पहाटे मार्गालगतचे रस्ते बंद असल्याने टॅक्सी दारापर्यंत जाईल या भरवशावर राहू नका. अशा वेळी लोकल भरवशाची. मॅरेथॉनच्या पहाटे पश्चिम आणि मध्य रेल्वे विशेष गाड्या सोडत आल्या आहेत, त्यांचं वेळापत्रक दोन-तीन दिवस आधी जाहीर होतं. परतीच्या वेळी रविवारचा मेगाब्लॉक असू शकतो, तोही पाहून ठेवा. आणि घरी जाणारी गाडी दुपारी उशिराची घ्या. पदक गळ्यात घालून स्टेशनचा जिना उतरायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशीच कळतं.

शनिवारी रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. जवळपास कुणालाच ती नीट लागत नाही. आधीच्या दोन-तीन रात्रींची झोप पुरी करा, तिच्यावर एक वाईट रात्र निभावते.

गैरसमज 9 : आधीच वेदनाशामक गोळी घेतली की त्रास होत नाही.

आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. लांब धावताना तो आधीच कमी झालेला असतो. त्यात भर घातली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय वेदना ही सूचना असते. ती दाबली की दुखापत वाढेपर्यंत कळत नाही.

गैरसमज 10 : दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं म्हणजे साठलेलं लॅक्टिक ॲसिड.

धावणं थांबल्यानंतर तासाभरात लॅक्टेट रक्तातून निवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या धरतात त्या स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. चोळून ते ‘ॲसिड’ बाहेर काढता येत नाही, कारण ते तिथे नसतंच. जेवण, झोप आणि हलकं चालणं हाच उपाय. पुढचे एक-दोन आठवडे जोराचं धावणं नको.

गैरसमज 11 : एवढं करून आलोय, तर ताप असला तरी धावायलाच हवं.

अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात फुल आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत 59 जणांचं हृदय बंद पडलं आणि त्यांपैकी 42 जण दगावले. म्हणजे धोका फार कमी आहे, पण तो आहे, आणि त्यात पुरुष जास्त होते. ज्यांची कारणं कळली, त्यांच्यात हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे प्रमुख होते. चाळिशी उलटलेल्यांनी, घरात हृदयविकार असलेल्यांनी आणि जिना चढताना छातीत दाटून येणाऱ्यांनी तपासणी सराव सुरू करण्याआधी करावी, जानेवारीत नव्हे.

तापाचं तर स्पष्ट आहे. विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असू शकतो, आणि अशा वेळी तीन-चार तास हृदयाला पिळून काढणं म्हणजे जिवाशी खेळ. प्रवेशशुल्क गेलं, गाडीभाडं गेलं, हॉटेलचे पैसे गेले, गावाकडे सगळ्यांना सांगून झालं, हे सगळं खरं. पण केलेला सराव कुठे जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसऱ्या शहरात शर्यत सापडते आणि मुंबई पुढच्या जानेवारीत पुन्हा असते. शनिवारी रात्री अंगात ताप असेल, तर गजर बंद करून झोपणं हाच त्या शर्यतीतला शहाणपणाचा निर्णय.