एक मिनिट

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात एका कुडाच्या घरी आशाताईंसोबत, म्हणजे गावच्या आरोग्य-कार्यकर्तीसोबत, गेले होते. त्यांनी आत पाऊल टाकलं ते थेट पाण्याच्या घंगाळाकडे. बांगड्या वर सारल्या, साबणानं कोपरापर्यंत हात घासले आणि पदराला न पुसता हवेतच वाळवले. मलाही तेच करायला लावलं. वर, "तुमी दूरच बसा," हेही.

बाळ सात दिवसांचं. निजलेलं होतं, म्हणून आधी श्वास. रडत्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नसतो. दुपट्याची कड जराशी सरकवून ताईंनी पोटावर नजर लावली, एक डोळा घड्याळावर. पूर्ण एक मिनिट. तीस सेकंद मोजून दुप्पट करण्याची पळवाट इथे चालत नाही.

६२ आले. ६० किंवा त्याहून जास्त म्हणजे धोक्याची खूण असू शकते. लगेच पुन्हा मोजायचं.

हे मोजणं याच जिल्ह्यात रुजलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्या सुईणींसाठी मण्यांचं यंत्र केलं होतं. शेजारी एका मिनिटाची वाळूघडी; दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया. पुढे ३९ गावांत गावच्याच बायांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११पासून देशभरच्या आशा हीच फेरी करतात.

दुसऱ्यांदा ५४. आजीनं चुलीत लाकूड सारलं.

मग काखेत थर्मामीटर, तळवे गार आहेत का ते बघणं, छाती आत ओढली जाते का ते बघणं. शेवटी स्प्रिंगच्या काट्याला टांगलेली झोळी. २ किलो ३०० ग्रॅम. अडीचच्या खाली, म्हणून आंघोळीची घाई नको. आजीला हे पटलेलं दिसत नव्हतं.

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा फेऱ्या. घरभेटींची ही योजना सुरू झाली तेव्हा या सगळ्या फेऱ्यांचे मिळून आशांना २५० रुपये ठरले होते. तो हिशेब ताईंनी मांडला नाही, मीच मांडत बसले.

"चौदाव्या रोजी बाजार हाय, घरी कोनी नसन," आजी म्हणाली.

"बाळ रायते ना घरी?" झोळीची घडी घालत ताई म्हणाल्या.